फोड येणारी बाळे : ‘एपिडर्मोलिसिस बुलोसा’ या आजाराची ओळख

वार्षिक अहवालात जमाखर्च आणि शस्त्रक्रियांच्या आकड्यांबरोबर एखाद्या आजाराची सविस्तर ओळख करून देण्याचा प्रघात आपल्या रुग्णालयाने ठेवला आहे. बहुधा असा आजार मधुमेह, क्षयरोग, मोतीबिंदू यांसारखा घरोघरी परिचित असतो. यंदा त्वचारोग विभागाने निवडलेला विषय अगदी दुसऱ्या टोकाचा आहे. त्याचे नाव उच्चारावयास कठीण, रुग्ण अत्यल्प, आणि त्यावर रोज करावयाचा मुख्य उपचार मात्र अगदी जुना व साधा, म्हणजे मलमपट्टी. असे असता हा विषय देणगीदार, विश्वस्त आणि विशेषतः रुग्णांचे कुटुंबीय यांच्यापुढे मांडण्याचे कारण एवढेच की, या आजाराच्या बालकाचे सुखदुःख रुग्णालयातील एखाद्या मोठ्या यंत्रावर फारसे अवलंबून नसते. ते त्याच्या घरी दोन-दोन, तीन-तीन तास चालणाऱ्या कामावर, ते काम करणाऱ्या हातांवर आणि त्या हातांना पुरेसे साहित्य मिळते की नाही यावर अवलंबून असते.

आजाराचे नाव ‘एपिडर्मोलिसिस बुलोसा’. वैद्यकीय व्यवहारात त्याला संक्षेपाने ‘ईबी’ म्हणतात. बाह्यत्वचा सुटणे आणि फोड येणे एवढाच या लांबलचक नावाचा अर्थ. हे नाव जर्मन त्वचारोगतज्ज्ञ हाइनरिख क्योबनर यांनी १८८६ मध्ये रूढ केले. निरोगी कातडीला ज्या स्पर्शाची दखलही नसते, त्या स्पर्शाने या बालकांच्या अंगावर पाण्याचे फोड उठतात. बाळ पुसताना टाच चोळली गेली, मनगटावर ओळखीची पट्टी बांधली, सलाइनची सुई चिकटपट्टीने पक्की केली, एवढे निमित्त पुरते. काही बाळांच्या पायांवरील कातडी जन्मतःच सोललेली असते, तर काहींचा आजार मूल रांगू-चालू लागल्यावर गुडघ्यांवर आणि तळपायांवर प्रथम दिसतो. अमेरिकेत १९८६ ते २००२ या काळात चालविलेल्या राष्ट्रीय नोंदवहीनुसार दर दहा लाख जिवंत जन्मांमागे सुमारे २० बालके हा आजार घेऊन जन्मली. पाश्चात्त्य देशांत या मुलांना ‘फुलपाखरू मुले’ म्हणतात. पंखांवरची पूड बोटाला लागावी तशी यांची कातडी निघते, असा त्यातला भाव आहे. नाव गोड आहे. पण ज्यांनी या मुलांची पट्टी सोडविताना पाहिले आहे, त्यांच्या तोंडी ते सहसा येत नाही.

गोधडीचा धावदोरा

कातडीची रचना समजली की हा आजार समजण्यास वेळ लागत नाही. आपल्या आजीने शिवलेली गोधडी डोळ्यांपुढे आणावी. वर एक कापड, खाली एक कापड, आणि दोहोंना एकत्र धरून ठेवणारा बारीक धावदोरा. त्वचेतही वर बाह्यत्वचा, खाली अंतस्त्वचा आणि दोहोंच्या मध्ये एक अतिशय पातळ आधारपटल असते. हे थर एकमेकांवरून घसरू नयेत म्हणून निरनिराळी प्रथिने टाक्यांचे काम करतात. यांपैकी एखादे प्रथिन शरीरात तयारच झाले नाही किंवा सदोष तयार झाले, तर चोळवटल्याबरोबर थर सुटतात आणि मधल्या पोकळीत पाणी भरते. हाच तो फोड.

टाका कोठे सुटला आहे यावरून आजाराचे प्रकार ठरतात. ‘सिम्प्लेक्स’ या प्रकारात वरच्या कापडाचाच तळाकडील भाग विरलेला असतो; बहुधा केराटिन ५ किंवा केराटिन १४ या प्रथिनांत दोष असतो. एकंदर रुग्णांत हे रुग्ण सर्वांत अधिक, आणि त्यांतील पुष्कळांचा आजार हातापायांच्या तळव्यांपुरता राहतो. ‘जंक्शनल’ प्रकारात मधल्या आधारपटलाचा जोडच सुटा असतो. यातील तीव्र स्वरूपाची बाळे बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांतच दगावतात, आणि हे आईवडिलांना वेळेवर, स्पष्ट व मायेने सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. अशा बाळाच्या बाबतीत त्याला दुखू न देणे हाच उपचाराचा गाभा ठरतो. ‘डिस्ट्रॉफिक’ प्रकारात धावदोरा खालच्या कापडात रुततच नाही. सातव्या क्रमांकाच्या कोलॅजेनपासून बनलेले जे सूक्ष्म आकडे अंतस्त्वचेत अडकावयाचे, ते नसतात किंवा लुळे असतात. जखम खोल होते, भरताना व्रण ठेवून भरते, आणि व्रणावर व्रण चढत गेल्याने हाताची बोटे एकमेकांस चिकटून अखेर पंजा मुठीसारखा बंद होतो. ‘किंडलर’ नावाचा चौथा प्रकार फारच विरळा आहे.

केराटिनच्या जनुकांतील दोष १९९१ मध्ये आणि सातव्या कोलॅजेनच्या जनुकातील दोष १९९३ मध्ये उघडकीस आला. तोपर्यंत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फोड कोणत्या पातळीवर आहे ते पाहून निदान केले जाई. आज त्वचेचा लहानसा तुकडा काढून विशिष्ट रंगद्रव्यांनी तपासतात आणि रक्तावरून जनुकीय चाचणी करतात. नेमका प्रकार कळल्याने बाळाच्या भवितव्याचा अंदाज येतो आणि पुढील गरोदरपणाबाबत कुटुंबाला सल्ला देता येतो. म्हणून हा खर्च टाळू नये, असे विभागाचे आग्रहाचे सांगणे आहे.

येथे एक गोष्ट ठामपणे नमूद केली पाहिजे. हा आजार संसर्गजन्य नाही. तो शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने होत नाही. गरोदरपणी ग्रहण पाहिले, विळीवर भाजी चिरली, कुणाची हाय लागली म्हणूनही तो होत नाही. बाळाच्या जखमांपेक्षा या बोलण्याने खचलेल्या माता बाह्यरुग्ण विभागात येतात. शेजारणीचे बोलणे एकवेळ सोडून देता येते. परंतु घरातील वडीलधारी मंडळी जेव्हा सुनेकडे बोट दाखवितात, तेव्हा डॉक्टरांनी त्या मंडळींनाच समोर बसवून सर्व समजावून सांगणे औषधाइतके आवश्यक ठरते.

घरातील शुश्रूषा

आपल्याकडे बाळाला वाढविण्याच्या ज्या प्रेमळ रीती आहेत, त्यांतील अनेक या बाळाला नेमक्या अपायकारक ठरतात. आंघोळीपूर्वीचे तेल-मालीश आणि डाळीच्या पिठाने अंग चोळणे पूर्णपणे बंद करावे. मालीशवाल्या बाईंनी कितीही हलक्या हाताने करण्याची हमी दिली तरी ऐकू नये. करदोटा, मनगट्या, वाळे, गळ्यातील ताईत, बारशाला आलेली चांदीची साखळी हे सारे कपाटात ठेवावे. गालावरची तीट पुसून काढताना कातडी निघते, म्हणून ती लावूच नये. झबले मऊ सुती असावे आणि ते उलटे घालावे, म्हणजे शिवणीची कड अंगाला न लागता बाहेर राहील. डायपरच्या कडांना आतून मऊ कापडाची घडी लावावी.

बाळाला उचलण्याची पद्धत तर नव्यानेच शिकावी लागते. काखेत हात घालून उचलणे म्हणजे दोन्ही काखांत फोड. बाळाला मऊ दुपट्यावर किंवा पातळ गादीवर ठेवून गादीसकट उचलावे. गादी नसेल, तर बाळाला हलकेच कुशीवर वळवून एक हात मानेखाली व एक हात ढुंगणाखाली सरकवावा, बाळाला हातांवर परत वळवावे आणि मग सरळ वर घ्यावे. हात कातडीवरून ओढत नेऊ नये. दाबाने सहसा इजा होत नाही, घासण्याने होते. हा फरक एकदा ध्यानात आला की आईचे निम्मे भय जाते, आणि ती बाळाला कुशीत घेऊ लागते. कुशीत घ्यावेच. स्पर्शावाचून वाढणे ही त्या बाळाच्या वाट्याला आलेली दुसरी जखम होऊ नये.

फोड आला की ‘आपोआप जिरेल’ म्हणून तसाच ठेवण्याची चूक बहुतेक घरी होते. भाजल्यावरचा लहान फोड जिरतो, हा नाही. आतले पाणी बाजूचे कच्चे टाके उसवीत पसरत जाते आणि सुपारीएवढ्या फोडाचा संध्याकाळपर्यंत तळहाताएवढा होतो. म्हणून निर्जंतुक सुईने फोडाच्या सर्वांत खालच्या बाजूस छिद्र पाडावे, मऊ गॉजने हलकेच टेकवून पाणी काढावे आणि वरची कातडी मात्र कापू नये. ती कातडी हीच पहिली पट्टी. हे काम प्रथम परिचारिकेच्या देखरेखीखाली दोन-चार वेळा करावे, मग घरी करावे.

मलमपट्टी बदलताना सर्व पट्ट्या एकदम सोडू नयेत. उघड्या जखमेला वारा लागला तरी आग होते. एक पाय पूर्ण झाल्यावर दुसरा घ्यावा. डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक औषध अर्धा तास आधी द्यावे. चिकटलेली पट्टी ओढू नये. कोमट पाण्यात भिजवून ती आपण होऊन सुटेपर्यंत थांबावे. साध्या पाण्यापेक्षा मिठाच्या पाण्याने आग कमी होते, कारण त्याची क्षारता रक्ताच्या जवळपास येते. त्यासाठी दहा लिटरच्या बादलीत सुमारे ९० ग्रॅम मीठ, हे प्रमाण लक्षात ठेवावे. चिकटपट्टी कोठेही, कोणत्याही कारणाने कातडीवर लावू नये. चुकून कुणी लावलीच, तर तिला द्रव पॅराफिन लावून ती सैल पडू द्यावी. डिस्ट्रॉफिक प्रकारात हाताच्या प्रत्येक बोटाला स्वतंत्र पट्टी गुंडाळावी. हे किचकट काम रोज केल्याने बोटे जुळण्याची क्रिया लांबणीवर पडते, आणि लांबलेले प्रत्येक वर्ष हे त्या मुलाने स्वतःच्या हाताने जेवलेले वर्ष असते.

मूल चार-पाच वर्षांचे झाले की कोणत्या पायापासून सुरुवात करावयाची हे त्याला ठरवू द्यावे, आणि पट्टीचे टोक त्यालाच सोडू द्यावे. वेळ अधिक लागतो हे खरे. परंतु जे मूल पट्टीच्या वेळी आक्रोश करून घर डोक्यावर घेत होते, तेच आपली पट्टी स्वतः ओली करीत बसलेले दिसते.

फोड तोंडात आणि अन्ननलिकेतही येतात. तीव्र डिस्ट्रॉफिक प्रकारात अन्ननलिका व्रणांनी आकसत जाते, आणि मग फुग्याच्या साहाय्याने ती रुंद करून घ्यावी लागते. जखमांवाटे प्रथिने आणि रक्त सतत वाहून जात असल्याने या मुलांची गरज इतर मुलांपेक्षा जास्त, आणि खाण्याची क्षमता मात्र कमी. मऊ आणि कोमट असे काहीही चालते : तूप घातलेला गुरगुट्या भात, पातळ वरण, नाचणीची खीर, कुस्करलेले केळे, अंड्याचा मऊ बलक. चिवडा, चकली, कडक भाकरीचा पापुद्रा, वाफाळता चहा टाळावा. लोहाची कमतरता जवळजवळ ठरलेलीच, तेव्हा रक्ततपासणी वेळोवेळी व्हावी. आणखी एक बाब घरची मंडळी संकोचाने सांगत नाहीत, ती म्हणजे बद्धकोष्ठ. शौचाच्या जागी कातडी फाटते, दुखते म्हणून मूल शौच रोखून धरते, मग जेवण टाळते आणि वजन घटू लागते. साध्या औषधाने हे आवरता येते. पण विचारल्याशिवाय कळत नाही.

पट्टीचा प्रश्न

देणगीदारांपुढे मांडावयाचा मुख्य मुद्दा आता येतो. भरपूर जखमा असलेल्या मुलाला न चिकटणारी पट्टी लागते. सिलिकोनचा थर असलेल्या मऊ पट्ट्या या कामी उत्तम. त्या निघताना नवी कातडी उपटत नाहीत. त्या महाग आहेत, बऱ्याचशा आयात होतात, आणि लागतात आयुष्यभर. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाला महिना-दोन महिने त्या परवडतात. मग साधे गॉज येते, ते जखमेत रुतते, काढताना रक्त येते, आणि मूल पट्टीच्या नावाने थरथरू लागते. आजार तोच असतो. त्याचा त्रास किती व्हावा हे मात्र दुकानातील किंमत ठरवू लागते.

या बाबतीत मुंबईच्या वैद्यकीय परंपरेत एक उल्लेखनीय प्रकरण आहे. भाजलेल्या रुग्णांच्या पट्टीचा हाच प्रश्न परळच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी यांच्यापुढे होता. उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजवर लावून, निर्जंतुक करून त्यांची पट्टी वापरण्याचा प्रयोग त्यांनी केला आणि १९८५ मध्ये भाजण्यावरील उपचारांना वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या पानाची पट्टी अभ्यासली. पान गुळगुळीत, मेणचट आणि थंड. जखमेला चिकटत नाही, निघताना दुखत नाही. व्हॅसलीन गॉजशी तुलना करून त्यांनी २००३ मध्ये त्याच नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. सत्यनारायणाच्या पूजेला चौरंगाभोवती आणि पंगतीत पुढ्यात असलेले हे पान शस्त्रक्रिया विभागात यावे, यात आमच्या मते कमीपणा काहीच नाही. आपल्याकडील त्वचारोग विभागांत मोठ्या प्रमाणावर कातडी सोललेल्या रुग्णांना केळीच्या पानावर निजविण्याची पद्धत आहे, आणि ईबीच्या बाळांनाही तिचा उपयोग होतो. मात्र पान नीट धुऊन निर्जंतुक केलेले हवे. अंगणातून तोडलेले पान तसेच उघड्या जखमेवर ठेवणे धोक्याचे आहे. आणि हेही सांगावयास हवे की, रांगत्या मुलाच्या गुडघ्यावर पान टिकत नाही; तेथे मऊ सिलिकोन पट्टीला पर्याय नाही.

रुग्णालयाला यंत्र देणाऱ्या दात्याचे नाव भिंतीवर संगमरवरी पाटीवर लागते, आणि ते लागावे हे योग्यच आहे. पट्टी वापरून फेकली जाते, तिच्यावर कुणाचे नाव कोरता येत नाही. त्यामुळे देणग्यांच्या यादीत यंत्रे पुष्कळ आणि पट्ट्या थोड्या, असे चित्र अनेक धर्मादाय रुग्णालयांत दिसते. एका बालकाच्या वर्षभराच्या पट्ट्यांचा भार एखाद्या कुटुंबाने, मित्रमंडळाने किंवा सहकारी संस्थेने उचलावा, अशी योजना विश्वस्त मंडळाने विचारात घ्यावी अशी या लेखाच्या निमित्ताने नम्र सूचना आहे. मदत एकदाच मोठी येण्यापेक्षा दरमहा नियमित येणे या आजारात अधिक मोलाचे, कारण पट्टीत पंधरा दिवसांचा खंड पडला तरी बोटे जुळू लागतात.

नवे उपचार

गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात जे घडले आहे, ते खरोखर विस्मयकारक आहे. जर्मनीतील बोखुम येथे २०१५ मध्ये जंक्शनल ईबी असलेला सात वर्षांचा एक सीरियन निर्वासित मुलगा अत्यवस्थ होता. त्याच्या शरीरावरील सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा नष्ट झाली होती. इटलीतील मोदेना येथील मिकेले दे लुका यांच्या गटाने त्याच्या अंगावरील त्वचेचा चार चौरस सेंटिमीटरचा तुकडा घेतला, त्यातील पेशींत निरोगी जनुक घातले, प्रयोगशाळेत त्या पेशींची चादर वाढविली आणि बोखुमच्या शल्यविशारदांनी ती टप्प्याटप्प्याने त्याच्या अंगावर बसविली. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुलगा घरी गेला. २०१७ साली ही हकीकत प्रसिद्ध झाली, आणि पाच वर्षांनंतरही ती कातडी टिकून असल्याचे २०२१ मध्ये नोंदविले गेले.

दुसरा मार्ग मलमाचा. डिस्ट्रॉफिक प्रकारासाठी सातव्या कोलॅजेनचे जनुक वाहून नेणारे एक जेल तयार झाले. नागिणीच्या नव्हे, पण ओठावर जर उठविणाऱ्या विषाणूला निरुपद्रवी करून त्याच्याकडूनच हे जनुक जखमेत पोचविले जाते. ३१ रुग्णांवरील चाचणीत सहा महिन्यांनी जेल लावलेल्या जखमांपैकी ६७ टक्के, तर नुसते औषधरहित जेल लावलेल्यांपैकी २२ टक्के पूर्ण भरल्या. ‘व्हायजुवेक’ या नावाने अमेरिकेत मे २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. बर्च झाडाच्या सालीपासून केलेल्या ‘फिल्सुवेझ’ या जेलला युरोपात २०२२ मध्ये व अमेरिकेत २०२३ मध्ये, आणि रुग्णाच्याच दुरुस्त केलेल्या त्वचेच्या चादरींना अमेरिकेत एप्रिल २०२५ मध्ये मान्यता मिळाली.

वर्तमानपत्रातील अशा बातम्यांची कात्रणे घेऊन पालक येतात, तेव्हा त्यांची आशा मोडू नये आणि फुगवूही नये. व्हायजुवेकचा अमेरिकेतील वर्षाचा खर्च काही लाख डॉलरांच्या घरात जातो. शिवाय ते जेल आठवड्यातून एकदा उघड्या जखमेवर लावावयाचे असते; अन्ननलिकेत आकसलेली जागा त्याने रुंद होत नाही, आणि जेल लावल्यावरही वर पट्टी बांधावीच लागते. घर, शेत गहाण टाकून परदेशी औषधामागे धावण्याचा विचार मनात आल्यास तो आधी आपल्या डॉक्टरांपुढे बोलून दाखवावा. जनुकीय निदान करून ठेवलेले असेल, तर उद्या एखादी चाचणी किंवा औषध आपल्या देशात आल्यास ते मूल त्यास पात्र आहे की नाही, हे लगेच कळू शकेल. दुर्मीळ आजारांसाठी केंद्र शासनाने २०२१ मध्ये राष्ट्रीय धोरण जाहीर केले; त्याखालील पहिल्या आठ उत्कृष्टता केंद्रांत मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आहे.

पुढचे बाळ

‘पुढच्या बाळाला होईल का?’ हा प्रश्न कुणीतरी विचारतेच, बहुधा दार लोटून, नवरा बाहेर गेल्यावर. उत्तर प्रकारावर अवलंबून असते. सिम्प्लेक्स प्रकार बहुधा प्रभावी रीतीने उतरतो. आई किंवा वडील यांपैकी एकास आजार असल्यास प्रत्येक बाळाला तो होण्याची शक्यता निम्मी. जंक्शनल प्रकार आणि डिस्ट्रॉफिकचे तीव्र स्वरूप अप्रभावी रीतीने येतात. तेथे आई व वडील दोघेही पूर्ण निरोगी असतात, परंतु प्रत्येकाकडे सदोष जनुकाची एकेक प्रत असते. दोन्ही सदोष प्रती एकाच बाळाकडे आल्या तरच आजार होतो आणि ही शक्यता चारांत एक असते. याचा अर्थ ‘एक झाले, आता पुढची तीन चांगली’ असा मुळीच होत नाही. सारीपाटावर कवड्या दर वेळी नव्याने पडतात, तसा प्रत्येक गरोदरपणी हिशेब नव्याने मांडला जातो. दोष दोघांकडून सारखाच आलेला असतो, ही बाबही घरात मोठ्याने सांगितली जावी.

नात्यातील विवाहात ही शक्यता वाढते, कारण एकाच आजोबांकडून आलेली सदोष प्रत नवरा-बायको दोघांकडे असू शकते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची, आत्याच्या घरी भाचीने सून म्हणून जाण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक समाजांत जुनी आहे. तिच्यामागे मुलीला परके घर लाभू नये, जमीन व नाते टिकावे अशी कारणे होती. त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. पण ज्या घराण्यात ईबीचे एक जरी बालक जन्मले असेल, तेथे पुढचे असे लग्न ठरविण्यापूर्वी जनुकीय समुपदेशन घ्यावे. आजारी मुलाच्या काका, मामा, मावश्यांनाही हे लागू आहे. तेही वाहक असू शकतात.

कुटुंबातील नेमका जनुकीय दोष आधीच माहीत असल्यास गरोदरपणाच्या ११ ते १४ आठवड्यांत वारेचा सूक्ष्म अंश घेऊन, किंवा त्यानंतर गर्भजल परीक्षेने, गर्भाचे निदान करता येते. गर्भलिंग निदानाला बंदी करणारा १९९४ चा कायदा जनुकीय आजारांच्या तपासणीला नोंदणीकृत केंद्रात मुभा देतो, याची पुष्कळांना कल्पना नसते. अहवालानंतर काय करावे हा निर्णय सर्वस्वी त्या दांपत्याचा आहे. डॉक्टरांनी माहिती द्यावी आणि थांबावे.

शाळा आणि तारुण्य

तीव्र डिस्ट्रॉफिक प्रकाराची मुले किशोरवयात आली की एका गंभीर धोक्याकडे लक्ष ठेवावे लागते. वर्षानुवर्षे उघडत-भरत राहिलेल्या जखमांत त्वचेचा कर्करोग उद्भवू शकतो आणि तरुण वयात मृत्यूचे ते प्रमुख कारण आहे. जी जखम नेहमीच्या मुदतीत भरत नाही, कडा उंचावतात, वेदना वेगळी वाटते, ती पुढच्या भेटीपर्यंत न थांबता दाखवावी आणि तिचा तुकडा तपासावा. रोज पट्टी बदलणाऱ्या आईच्या नजरेला हा बदल सर्वांआधी दिसतो. ती ‘ही जखम निराळी आहे’ म्हणाली, तर तिचे ऐकावे.

बुद्धीवर या आजाराचा काही परिणाम होत नाही. त्यामुळे या मुलांनी शाळेत जावे, आणि शाळेने त्यांना घ्यावे. याकरिता फार काही लागत नाही. बाकाच्या कडांना स्पंज गुंडाळणे, दप्तराऐवजी पुस्तकांचा दुसरा संच वर्गात ठेवणे, मधल्या सुट्टीची गर्दी ओसरल्यावर मुलाला बाहेर सोडणे, पेन्सिलीला मऊ कापडाची जाड मूठ करणे एवढी तयारी बहुधा पुरते. उन्हाळ्यात घामाने फोड वाढतात, म्हणून चैत्र-वैशाखात पंख्याजवळची जागा द्यावी. वर्गातील इतर मुलांना पहिल्याच दिवशी शिक्षकांनी सर्व सांगून टाकावे. मुलांना एकदा कळले की ती धक्का लागू न देता खेळू लागतात. कठीण जाते ते त्यांच्या पालकांना समजावणे, आणि त्यासाठी ‘हा आजार संसर्गजन्य नाही’ असे रुग्णालयाच्या शिक्क्याचे पत्र विभागाकडून मिळू शकते. बोटे जुळून हाताचे काम थांबले असल्यास अपंगत्वाचे मूल्यमापन करून घ्यावे. ते प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत लेखनिक व वाढीव वेळ मागता येतो. अर्ज परीक्षेच्या तोंडावर न करता शाळेचे वर्ष सुरू होतानाच करावा. तालुक्याच्या गावाहून जिल्हा रुग्णालयात दोन-तीन खेपा कराव्या लागतात, आणि एस. टी.च्या प्रवासात बसण्यासाठी मुलाची मऊ गादी बरोबर न्यावी.